म्हातारं कुत्रं-मांजर रात्री उठवतं तेव्हा काय करायचं

वर्षानुवर्षं रात्रभर गाढ झोपणारा कुत्रा एकाएकी मध्यरात्री उठून घरभर येरझारा घालू लागतो. किंवा म्हातारी मांजर पहाटे तीनला हॉलमध्ये उभी राहून घसा ताणून ओरडू लागते. अशा वेळी घरात दोनच वाक्यं ऐकू येतात, 'लाडावून ठेवलंय' आणि 'वय झालं, आता काय करणार'. मला दोन्हींचा राग येतो. आयुष्यभर शहाण्यासारखं वागलेलं जनावर बाराव्या वर्षी अचानक लाडावत नाही. आणि वय झालं म्हणून सोडून दिलं, की त्या वयात होणारे, औषधाने आटोक्यात येऊ शकणारे आजार तसेच वाढत राहतात.

ज्यांच्या घरचं जनावर पहिल्यांदाच म्हातारं होतंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींमध्ये सातव्या-आठव्या वर्षापासून म्हातारपण धरायचं, ग्रेट डेनमध्ये त्याहूनही आधी. पॉमेरेनियन, पग, डॅशहुंड आणि आपले गावठी कुत्रे नऊ-दहापर्यंत तरुणासारखेच वागतात. मांजरांचं म्हातारपण साधारण दहा-अकराव्या वर्षी सुरू होतं.

क्रम असा ठेवा: आधी आजार शोधायचा, मग घर आणि दिवस बदलायचा, मग रात्रीची शिस्त लावायची, आणि या सगळ्याबरोबर घरातल्या माणसांच्या झोपेची वाटणी करायची. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. कानात बोळे घालतात, बेडरूमचं दार लावून घेतात, कुणीतरी सांगितलेलं झोपेचं औषध देतात. त्याने तुमची एखादी रात्र सुटते, पण जनावराचं दुखणं बंद दाराबाहेर तसंच राहतं.

सात रात्रींची वही

मोबाइलमध्ये किंवा साध्या वहीत आठवडाभर तीन गोष्टी लिहा: किती वाजता उठवलं, तेव्हा ते काय करत होतं आणि कशाने शांत झालं. यातली तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त सांगून जाते. दार उघडताच भरपूर शू करून परत आला आणि झोपला, तर शोध लघवीच्या बाजूने घ्यायचा. शू झाली, पाणी पिऊन झालं, तरी आडवं होता येत नाही, बसतो, उठतो, जागा बदलतो, तर काहीतरी दुखतंय. जवळ बसून अंगावर हात ठेवला की पाच मिनिटांत डोळे मिटतो, तर घाबरलाय किंवा गोंधळलाय. काही केल्या थांबत नाही, भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, सोफ्याच्या मागे अडकतो आणि मागे कसं यायचं ते सुचत नाही, तर डॉक्टरांना मेंदूचा विचार करावा लागेल. निदान अर्थातच तुम्ही करायचं नाही, पण या नोंदींमुळे डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

एकदोन रात्री तीस-चाळीस सेकंदांचा व्हिडिओही काढा. दवाखान्यातले वास आणि माणसं यांनी जनावर सावध होतं. रात्रभर कण्हणारा कुत्रा तिथे कान टवकारून ताठ उभा राहतो आणि 'तसा तर बरा दिसतोय' असं म्हणून तपासणी संपते. व्हिडिओ दाखवला की तसं होत नाही.

दोन मोजमापं घरीच करता येतात. पहिलं पाण्याचं. सकाळी लिटरच्या बाटलीने मोजून भांडं भरा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा. मध्ये भर घातली तर तीही धरा. कुत्रा दिवसाला वजनाच्या किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पीत असेल, म्हणजे २५ किलोची लॅब अडीच लिटरच्या पुढे जात असेल, तर ते नक्कीच जास्त आहे. मांजरासाठी किलोमागे साधारण ५० मिलिलिटरची रेघ धरतात. चार किलोची मांजर २०० मिलिलिटर पिऊ लागली तर डॉक्टरांना सांगा. दुसरं मोजमाप श्वासाचं. जनावर गाढ झोपलेलं असताना छाती मिनिटाला किती वेळा वर जाते ते मोजा. हा आकडा पुन्हा पुन्हा ३० च्या वर दिसत असेल तर हृदयाची तपासणी लांबवू नका.

दवाखान्यात काय विचारायचं

सहा महिन्यांत रक्त तपासलं नसेल तर तपासून घ्या. किडनी, लिव्हर, साखर आणि रक्तपेशी यांच्या तपासण्या, त्यांच्याबरोबर लघवीची तपासणी, मांजर असेल तर थायरॉइड आणि रक्तदाबही. मांजराचा रक्तदाब मोजणारं यंत्र प्रत्येक दवाखान्यात नसतं, म्हणून आधी फोन करून विचारा. महाराष्ट्रात परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीरलाही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि त्यांना जोडलेले दवाखाने आहेत. तालुक्याच्या सरकारी दवाखान्याचा बहुतेक वेळ गाई-म्हशी-शेळ्यांत जातो. तिथल्या डॉक्टरांना कुत्र्या-मांजरांचा फारसा सराव नसेल, तर रक्ताचा नमुना घेऊन शहरातल्या लॅबला पाठवता येईल का, एवढं तरी विचारा.

दुखण्यापासून सुरुवात करू, कारण रात्रीच्या जागरणामागे ते बहुतेकदा असतं आणि घरच्यांच्या सगळ्यांत कमी लक्षात येतं. सांधे झिजलेला कुत्रा केकाटत नाही. तो फक्त बदलत जातो. झोपायच्या आधी दहा गिरक्या घेतो, उठताना मागचे पाय थरथरतात, गाडीत उडी मारायचं टाळतो, पुढच्या पायाचं मनगट चाटत राहतो, उगाच धापा टाकतो. दिवसा घरात हालचाल असते, तेव्हा हे झाकलं जातं. रात्री एकाच कुशीवर तासभर पडलं की सांधे आखडतात, जाग येते आणि मग येरझारा सुरू होतात. मांजरांमध्ये हे आणखी लपलेलं असतं. कपाटावर चढणं बंद झालं, पाठीच्या मागच्या भागावरचे केस गुंतू लागले, एवढंच दिसतं. डॉक्टर बऱ्याचदा दोन-तीन आठवडे वेदनाशामक देऊन बघतात. त्या दिवसांत रात्री शांत गेल्या तर दुखणं होतं हे सिद्धच झालं. आमच्या म्हाताऱ्या लॅबच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. घरातले सगळे तिला 'आता भ्रम होतो' असं म्हणत होते, आणि गोळ्या सुरू झाल्यावर ती पहाटेपर्यंत कूस न बदलता झोपू लागली.

इथे एक गोष्ट अगदी ठासून सांगते. आपल्या औषधांच्या डब्यातली गोळी जनावराला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्यांच्या पोटाला आणि किडनीला घातक आहेत. मेलॉक्सिकॅम कुत्र्यांना देतात हे खरं, पण २० किलोच्या कुत्र्याची नेहमीची मात्रा दिवसाला साधारण २ मिलिग्रॅम असते आणि माणसांसाठी १५ मिलिग्रॅमचीही गोळी मिळते. म्हणजे सातपटीहून जास्त.

दुसरं कारण लघवी. किडनी कमजोर झाली, मधुमेह झाला किंवा कुशिंग नावाचा हार्मोनचा आजार झाला, की पाणी जास्त लागतं आणि रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. मूत्रमार्गाच्या संसर्गात थोडी थोडी शू वारंवार होते. नसबंदीचं ऑपरेशन न केलेली म्हातारी कुत्री माजावर येऊन गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत एकदम पाणी पिऊ लागली, मलूल झाली, मागून स्राव येऊ लागला, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. त्यात उद्या-परवा करायचं नसतं, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि रात्री शू होते म्हणून संध्याकाळी पाण्याचं भांडं उचलून ठेवणं हा बऱ्याच घरांत चालणारा उपाय किडनीच्या रुग्णाला फार महागात पडतो. पाणी चोवीस तास समोर हवं.

जनावराला आधीच औषधं चालू असतील तर त्यांच्या वेळा विचारा. हृदयरोगात दिलं जाणारं फ्युरोसेमाइड लघवी वाढवतं. दुसरा डोस झोपायच्या तोंडावर पडत असेल, तर तो अलीकडे घेता येईल का? प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने तहान, भूक आणि अस्वस्थता तिन्ही वाढतात. ते सकाळी देता येईल का? स्वतःच्या मनाने वेळ बदलू नका, पण हा प्रश्न जरूर विचारा. कित्येकदा एवढ्याने रात्रीची एक फेरी कमी होते.

बाकीची कारणं थोडक्यात. रात्री आडवं झाल्यावर येणारा खोकला हृदयाचा किंवा श्वासनलिकेचा असू शकतो. म्हातारी मांजर खूप खाते तरी वाळत चाललीय आणि रात्री ओरडते, हे वाढलेल्या थायरॉइडचं अगदी ओळखीचं चित्र. वाढलेल्या रक्तदाबाने मांजराची दृष्टी एका दिवसात जाऊ शकते. मोठ्या झालेल्या बाहुल्या आणि वस्तूंना धडकणं दिसलं तर लगेच न्या. पावसाळ्यात पिसवा आणि गोचिडांची खाज हे साधं कारणही तपासायचं राहून जातं. आणि दात, म्हाताऱ्या जनावराचं तोंड उघडून बघा म्हणून डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

हे सगळं तपासून झाल्यावरच म्हातारपणीच्या विस्मरणाकडे यायचं. माणसांच्या डिमेन्शियासारखाच हा मेंदूचा आजार आहे. दिवसा झोप आणि रात्री जाग, ओळखीच्या घरात हरवणं, दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभं राहून दार उघडायची वाट बघणं, शिकवलेली शिस्त विसरून घरात शू करणं, माणसांत मिसळणं कमी होणं किंवा एकदम चिकटून राहणं, ही त्याची लक्षणं. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११-१२ वर्षांच्या २८ टक्के आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांमध्ये यातलं किमान एक लक्षण दिसलं होतं. तेव्हा तुमचंच जनावर जगावेगळं वागतंय असं वाटून घेऊ नका. हा आजार पूर्ण बरा होत नाही, पण सेलेजिलीनसारखी औषधं, मेंदूसाठीचा खास आहार, मेलॅटोनिन किंवा गॅबापेंटिन यांतलं काय चालेल हे डॉक्टर ठरवू शकतात. सेलेजिलीनचा परिणाम दिसायला महिना-दीड महिना लागू शकतो, आठवड्यात सोडून देऊ नका. ऑनलाइन मिळणाऱ्या मेलॅटोनिनच्या गोड गोळ्या मागवू नका. त्यांत गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल असेल तर ते कुत्र्यांसाठी विष आहे. माणसांसाठीच्या काही पातळ औषधांतही ते असतं.

फरशी, अंथरूण, दिवा

आपल्या घरातल्या गुळगुळीत टाइल्स म्हाताऱ्या कुत्र्याच्या सगळ्यांत मोठ्या शत्रू आहेत. रात्री शू आली, उठायचा प्रयत्न केला, मागचे पाय फाकले, पुन्हा बसला, पुन्हा प्रयत्न, मग कण्हणं. तुम्हाला ऐकू येतं ते हे शेवटचं. अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि अंथरुणापासून दारापर्यंत न घसरणारी पायवाट तयार करा. जुन्या योगा मॅट कापून जोडल्या तरी चालतात. रबरी पायपुसणी, खाली जाळी लावलेली सतरंजीही चालते. नुसती चादर किंवा पातळ चटई टाइलवर सरकते, तिने उलट जास्त घसरायला होतं. पंज्याच्या गाद्यांमधले केस आणि वाढलेली नखं कापून घ्या. त्यानेही पकड सुधारते.

अंथरूण जाड हवं. तळव्याने दाबल्यावर खालची फरशी हाताला लागली, तर ते म्हाताऱ्या हाडांना पुरेसं नाही. जुन्या गादीचा फोम कापून त्यावर गोधडी घातली तर महागड्या बेडइतकंच काम होतं. फोमला आधी प्लास्टिकची खोळ चढवा, म्हणजे शू झाली तरी फक्त गोधडी धुवावी लागेल. नाशिक-पुण्याच्या थंडीत हे अंथरूण फरशीवरून उचललेलं आणि दारा-खिडकीच्या झोतापासून लांब असावं. विदर्भातल्या उन्हाळ्यात याच्या उलट: जाड अंथरुणाशेजारी थंड फरशीचा तुकडा मोकळा ठेवा, त्याला हवं तिथे जाऊ द्या. एसीत झोपणाऱ्या घरांत म्हातारं जनावर पहाटे गारठून उठतं. अंगावर पातळ पांघरूण घालून बघा.

जागा कुठे? बहिरं होत चाललेलं, कमी दिसणारं जनावर एकटं असलं की जास्त घाबरतं, म्हणून शक्यतो तुमच्या पलंगाशेजारी. तिथे जमत नसेल तर तुमचा न धुतलेला टी-शर्ट त्याच्या अंथरुणात ठेवा. झीरोचा बल्ब किंवा छोटा रात्रीचा दिवा पाण्याच्या भांड्याजवळ लावून ठेवा. कमी दिसणाऱ्या जनावरांची निम्मी घालमेल पूर्ण अंधारामुळे असते, आणि हा उपाय सगळ्यांत स्वस्त आहे. फर्निचरची जागा बदलू नका. जिना असेल तर रात्री आडवी फळी किंवा गेट लावा.

रात्रीच्या अपघातांसाठी मेडिकलच्या दुकानात आजारी माणसांसाठी मिळणारे अंडरपॅड घ्या. कुत्र्यांचे म्हणून विकले जाणारे पॅड त्याच कामाचे असतात आणि अनेकदा महाग पडतात. चौथ्या मजल्यावरून रात्री दोनला लिफ्टने खाली जाणं दोघांनाही जड जात असेल, तर बाल्कनीत अंडरपॅडवर किंवा कृत्रिम गवताच्या तुकड्यावर शू करायची सवय लावा. बरीच वर्षं फक्त बाहेरच जाणारे कुत्रे घरात करायला संकोचतात. त्यांच्यासाठी बाहेरच्या शूचा वास लागलेला कागद पहिल्यांदा त्या पॅडवर ठेवा आणि केली की लगेच खाऊ द्या. जोराच्या पावसात बाहेर जायला नकार देणाऱ्यांसाठीही हीच सोय उपयोगी पडते.

रात्रीचं काम दिवसा करायचं

म्हातारं जनावर दिवसभर झोपतं आणि आपण 'झोपू दे बिचाऱ्याला' म्हणून सोडून देतो. मग रात्री त्याची झोप उरलेलीच नसते. सकाळी उजाडल्यावर, ऊन तापायच्या आत, त्याला पंधरा-वीस मिनिटं बाहेर प्रकाशात न्या. झोप-जागेचं घड्याळ प्रकाशावर चालतं. चालण्याचं अंतर कमी असलं तरी चालेल, पण वास घेऊ द्या. प्रत्येक खांबाशी थांबला तर ओढू नका. नाकाचं काम त्याच्या मेंदूला चांगलं थकवतं. दिवसातून दोन लांब फेऱ्यांऐवजी चार छोट्या करा.

संध्याकाळी पाच ते आठ ही वेळ महत्त्वाची आहे. याच वेळी ते गाढ झोपतं, आणि ती झोप तुम्हाला मध्यरात्री भोवते. हाक मारून उठवा (बहिऱ्याला हात लावून दचकवू नका, फरशीवर पाय आपटून कंपन पोहोचू द्या), थोडं फिरवा, खाऊ रुमालात गुंडाळून शोधायला द्या, केस विंचरा. आजी-आजोबा घरात असतील तर हे काम त्यांना मनापासून आवडतं असा माझा अनुभव आहे.

जेवण सात-साडेसातला. त्यानंतर झोपायच्या आधी दोन घास हलकं काहीतरी, विशेषतः जे कुत्रे पहाटे पिवळं पाणी ओकतात त्यांना. रिकाम्या पोटी पित्त वाढून ते उठतात, आणि रात्रीच्या चार घासांनी ते थांबू शकतं. मधुमेह असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच करा.

शेवटची फेरी तुम्ही झोपायच्या अगदी आधी, साडेदहा-अकराला. नऊला फिरवून आणलं आणि तुम्ही बाराला झोपलात, तर तीन तास तसेच वाया गेले. घाई करू नका. म्हाताऱ्या कुत्र्याचं मूत्राशय एका खेपेत रिकामं होत नाही, एकदा झाल्यावर पाच मिनिटं फिरवून दुसरी संधी द्या. त्यानंतर रोज तोच क्रम: पाणी, दिवे कमी, टीव्ही बंद, अंथरूण, दोन मिनिटं अंगावरून हात. विस्मरण झालेल्या जनावराला घड्याळ कळत नाही, पण हा क्रम कळतो.

तरीही उठवलंच तर

मोठा दिवा लावू नका. छोटा टॉर्च उशाशी ठेवा. बोलू नका, खाऊ देऊ नका, खेळू नका. दारापर्यंत नेऊन शू, मग पाणी, मग परत अंथरुणावर. तुम्ही जितके कंटाळवाणे व्हाल तितकं बरं.

पण 'लक्ष देऊ नका, आपोआप थांबेल' हा सल्ला सरसकट लावू नका. पहाटे पाचला नाश्त्यासाठी ओरडणाऱ्या तब्येतीने ठीक बोक्याला तो लागू पडतो. अंधारात दिशा हरवून विव्हळणाऱ्या चौदा वर्षांच्या कुत्र्याला लागू पडत नाही, तो घाबरलेला असतो. त्याला जवळ घ्या, हळू आवाजात एकच ठरलेलं वाक्य म्हणा, पाठीवर हात ठेवा आणि श्वास संथ होईपर्यंत थांबा. ओरडलात किंवा मारलंत तर उद्या रात्री भीती दुप्पट होईल. येरझारा घालणारा कुत्रा काही केल्या बसत नसेल, तर पट्टा लावून घरातच दोन-तीन संथ फेऱ्या मारा आणि त्याच फेरीत अंथरुणावर आणून सोडा.

मांजरांचं थोडं वेगळं

मांजरं मुळातच पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त जागी असतात. आजार नाही हे तपासून झालं असेल, तर रात्री झोपायच्या आधी दोरीने किंवा पिसाने दहा मिनिटं खेळवा आणि लगेच जेवण द्या. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा त्यांचा स्वाभाविक क्रम. पहाटेच्या भुकेसाठी वेळ लावता येणारं खाण्याचं यंत्र मिळतं. त्याचा फायदा असा की मांजर यंत्रापाशी जाऊन बसते, तुमच्या छातीवर नाही. शी-शूचा ट्रे उथळ काठाचा करा, उंच काठ ओलांडताना सांधे दुखतात आणि मग ती गादीवर जाते. रात्रीपुरता दुसरा ट्रे ती झोपते त्या खोलीत ठेवा. पलंगावर किंवा खिडकीत चढायला मजबूत खोका किंवा स्टूल पायरी म्हणून लावा. बहिरी मांजर स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून फार मोठ्याने ओरडते. दिवा चालू-बंद करून तुम्ही जवळ आहात हे तिला कळवता येतं.

आता माणसांची झोप

रात्र वाटून घ्या. दोघांनीही अर्धवट जागं राहण्यापेक्षा एकाने रात्री दोनपर्यंत आणि दुसऱ्याने दोननंतर जबाबदारी घ्यायची, किंवा एक रात्र एकाची, पुढची दुसऱ्याची. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत, कानात बोळे घालून, दार लावून झोपायचं आणि याबद्दल अपराधी वाटून घ्यायचं नाही. सलग चार-पाच तासांची झोप मिळाली की माणूस सांभाळून घेतो. एकटे राहत असाल तर आठवड्यातून एक रात्र मित्राला किंवा ओळखीच्या सांभाळणाऱ्याला घरी झोपायला बोलवा. जनावराला नव्या जागी पाठवण्यापेक्षा माणूस घरी येणं बरं, कारण विस्मरण झालेलं जनावर नव्या जागी जास्त गोंधळतं. दुपारी वीस-पंचवीस मिनिटांची वामकुक्षी जमत असेल तर घ्या, तासभर लोळू नका.

घरातल्या लहान मुलाची परीक्षा असेल किंवा कुणाचं दुखणं असेल, तर त्या काळापुरतं कुत्र्याचं आणि तुमचं अंथरूण हॉलमध्ये हलवा. तुम्ही बरोबर असलात तर जागेचा बदल तो सोसतो. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होत असेल तर त्यांनी तक्रार करायच्या आधी जाऊन सांगा की कुत्रा म्हातारा आहे आणि उपचार चालू आहेत. बहुतेक लोक समजून घेतात. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे, पण गोष्ट तिथपर्यंत जाऊ न देणंच चांगलं.

सगळं करूनही महिना-दोन महिन्यांत फरक पडत नसेल, तर डॉक्टरांशी औषधांबद्दल पुन्हा बोला. मात्रा कमी-जास्त करायला वाव असतो. आणि जनावर दिवसाही खात नाही, माणसं ओळखत नाही, दुखणं औषधाला दाद देत नाही, चांगल्या दिवसांपेक्षा वाईट दिवस जास्त झाले, असं वहीत दिसू लागलं, तर त्याला शांतपणे जाऊ देण्याचा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आपल्याकडे हा विषय काढणं म्हणजे पाप समजतात. माझ्या मते वेदनेत ठेवून वाट बघणं त्याहून कठोर आहे. हा निर्णय रात्री तीनला, थकलेल्या डोक्याने घेऊ नका. दिवसा, घरातले सगळे एकत्र बसून घ्या.

सकाळपर्यंत थांबायचं नाही असं काही

पोट फुगलंय, ओकायचा प्रयत्न करतोय पण काही बाहेर पडत नाही. तोंड उघडं ठेवून धाप लागलीय, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर झाल्यात. बोका वारंवार ट्रेमध्ये बसतो पण शूचा थेंबही येत नाही. मांजराचे मागचे पाय एकाएकी गेले आणि ती किंचाळतेय. फिटचा झटका आला आणि तो पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा एकापाठोपाठ एक आले. यांतलं काहीही दिसलं तर लगेच निघायचं. डोकं एका बाजूला कललं, डोळे भिरभिरताहेत आणि कुत्रा तोल जाऊन पडतोय, तर ते अर्धांगवायूसारखं दिसतं, पण म्हाताऱ्या कुत्र्यांत बऱ्याचदा ते आतल्या कानाच्या तोलाचं बिघडणं असतं आणि काही दिवसांत सुधारतं. तरी त्याच दिवशी दाखवाच.

रात्री उघडा असणारा सर्वांत जवळचा दवाखाना कोणता, हे आजच दिवसाउजेडी फोन करून पक्कं करा. अनेक ठिकाणी पाटीवर 'चोवीस तास' असतं आणि रात्री फक्त रखवालदार असतो. तो नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावा. रात्री रिक्षावाले आणि ॲपवरच्या टॅक्सीवाले कुत्रा बघून नकार देतात, म्हणून गाडी असलेल्या एखाद्या शेजाऱ्याला किंवा ओळखीच्या चालकाला आधीच विचारून ठेवा. मोठ्या कुत्र्याला चौघांनी धरून उचलता येईल अशी एक जाड चादर दाराजवळच्या कपाटात घडी करून ठेवा, आणि मांजराची पिंजरा-पेटी माळ्यावर न टाकता खालीच ठेवा.